पनामा कालवा: थिएटरमधलं व्याख्यान की डेकवरचं निवेदन?
क्रूझवर पनामा कालव्याची गोष्ट दोन प्रकारे सांगता येते. आदल्या दिवशी, जहाज भर समुद्रात असताना, थिएटरमध्ये पाऊण तासाचं व्याख्यान. किंवा कालवा ओलांडताना ध्वनिक्षेपकावरून निवेदन.

माझा कौल व्याख्यानाला. फ्रेंचांनी १८८१ साली काम सुरू केलं आणि मलेरिया, पीतज्वराने हजारो मजूर मेले, हे सांगायला निवांतपणा लागतो. रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी सापडले. अशा संशोधनाच्या बळावर अमेरिकनांनी डासांचा बंदोबस्त केला, आणि १९१४ साली कालवा खुला झाला. सिकंदराबादचं नाव निघालं की भारतीय प्रवासी सरसावून बसतात, आणि बसायलाच हवं!

डेकवर हे जमत नाही. वारा असतो, लोक फोटोत गुंतलेले. दोन वाक्यं बोलावं आणि थांबावं. पण कालव्यातल्या गातून इथे लॉक्सच्या, म्हणजे पाणी भरून जहाज उचलणाऱ्या बंद कप्प्यांच्या, तीन पायऱ्यांत जहाज २६ मीटर वर चढतं, तेही पंपाशिवाय, निव्वळ वरच्या गातून तलावातून उताराने येणाऱ्या पाण्यावर. शेजारची भिंत खाली जाताना दिसते तेव्हा कुठलीही स्लाइड फिकी पडते.

एकच मिळणार असेल तर थिएटर मागून घ्या, आणि नकाशा मोठा ठेवा. शेवटच्या रांगेतल्या आजोबांनाही तलाव दिसला पाहिजे.