माहिती अधिकाराचे ऑनलाइन पोर्टल: पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांच्या कितपत कामाचे?

सेवा: महाराष्ट्र शासनाचे आरटीआय ऑनलाइन पोर्टल
अर्जाचे शुल्क: १० रुपये
आमचे गुण: ५ पैकी साडेतीन

ठाणे-नवी मुंबईत पत्रकारिता शिकणाऱ्या मुलांना बूम (चॅनेलचा माइक) धरता येतो, पीटीसी म्हणजे कॅमेऱ्यासमोर उभे राहून निवेदन करता येते, रील कापता येते. महापालिकेकडे नेमका कोणता कागद मागायचा, असे विचारले की मात्र गाडी अडते. ती सवय लावायला दहा रुपयांत याहून चांगली शिकवणी मिळणार नाही. उद्याच्या अंकासाठी बातमी हवी असेल, तर इकडे फिरकू नका.

पहिली अडचण कार्यालय निवडताना येते. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांचेच घ्या. मेट्रो ४ चे काम एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), सेवा रस्ता आणि मुख्य रस्ता मात्र वेगळ्या यंत्रणांकडे असू शकतात. आधी जागेवर जाऊन कामाचा फलक वाचा आणि मगच यादीतून कार्यालय निवडा. चुकलात, तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे अर्ज पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग व्हायला हवा, पण त्यावर विसंबू नये. ठाणे स्टेशनच्या सरकत्या जिन्याविषयी विचारायचे असेल, तर हे पोर्टलच चुकीचे. रेल्वे केंद्राची, तिच्यासाठी केंद्राचे वेगळे पोर्टल आहे. तिथे राज्याच्या कार्यालयाचा अर्ज टाकला तर तो परत येतो आणि शुल्कही जाते.

खरी परीक्षा मजकुराच्या चौकटीत. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो. अनेकांना हा जाच वाटतो. आमच्या मते शिकणाऱ्यासाठी हीच या सेवेची सर्वांत चांगली बाजू, कारण पाल्हाळाला जागाच उरत नाही. ‘रस्त्यावर इतके खड्डे का पडतात?’ असे विचारले तर नकार ठरलेला. कायद्याने अस्तित्वात असलेली नोंद मिळते, खुलासा मिळत नाही. ‘का’ला उत्तर देणे बंधनकारक नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच सांगितले आहे. तोच प्रश्न असा मांडा: ‘अमुक चौक ते तमुक चौक या सेवा रस्त्याच्या १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळातील दुरुस्तीचे कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, अदा केलेली देयके आणि दोष दायित्व कालावधी नमूद असलेले पान यांच्या प्रती द्याव्यात.’ (कार्यादेश म्हणजे ठेकेदाराला दिलेला कामाचा आदेश, मोजमाप पुस्तिका म्हणजे झालेल्या कामाच्या मोजणीची वही, दोष दायित्व कालावधी म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून देण्याची मुदत.) ठिकाण, कालावधी, कागदाचे नाव. ‘सर्व माहिती द्यावी’ लिहिले की समोरच्याला पळवाट मिळते. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याची कायद्याने गरज नाही. अर्ज नागरिक म्हणून स्वतःच्या नावाने करा, ‘संपादक, अमुक न्यूज’ म्हणून नको.

अर्ज टाकण्याआधी संबंधित कार्यालयाच्या संकेतस्थळावर कलम ४ खाली स्वतःहून प्रसिद्ध केलेली माहिती चाळा. जे तिथे आहे, त्यासाठी ३० दिवस कशाला थांबायचे?

शुल्क भरल्यावर मिळणारा नोंदणी क्रमांक जपून ठेवा. पुढचे अपील त्याच्यावरच चालते. प्रतींसाठी पानाला २ रुपये लागतात, आणि ते भरा म्हणून कळवल्यापासून तुम्ही भरेपर्यंतचे दिवस उत्तराच्या ३० दिवसांच्या मुदतीत धरले जात नाहीत. हे पत्र पडून राहते आणि मुले ‘उत्तरच आले नाही’ म्हणत बसतात. मुदत खरोखर उलटली, तर ३० दिवसांत प्रथम अपील करावे, शुल्क २० रुपये. त्यापुढे ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील, आणि तिथली रांग लांब. आम्ही कापलेला एक पूर्ण गुण या रेंगाळण्याचा.

उत्तर हाती आले की आपल्या सचोटीची बाजू सुरू होते. उत्तर म्हणजे कार्यालयाचे म्हणणे. ते आपोआप सत्य ठरत नाही. देयकात लिहिलेली लांबी जागेवर टेप धरून मोजा, ठेकेदार आणि अभियंता या दोघांना बातमीआधी विचारा, त्यांचे म्हणणे छापा. ‘माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर आले तर ‘उपलब्ध नाही’ एवढेच लिहा, ‘माहिती दडवली’ नको. कागदाचा फोटो टाकताना मोबाइल क्रमांक, घरचा पत्ता, सही झाका. अर्जाचा धाक दाखवून जाहिरात मागणारे सगळ्यांना ठाऊक आहेत. त्या रांगेत एकदा नाव गेले की ते पुसले जात नाही. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(जे) बदलल्यामुळे ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार देणे सोपे झाले आहे. म्हणून कर्मचाऱ्यांपेक्षा कामाचे कागद मागितलेले बरे.

उरलेला अर्धा गुण कापला तो पोर्टलपेक्षा सोपा रस्ता हाताशी असल्यामुळे. २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हा पातळीवरील कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहता येतात. पाचपाखाडीत (ठाणे महापालिका) किंवा बेलापूरला (नवी मुंबई महापालिका) फाइल समोर घेऊन बसलात, तर कोणती चार पाने हवीत ते तिथेच कळते आणि दोनशे पानांचे पैसे वाचतात. जाताना ओळखपत्र, वही आणि त्या शासन निर्णयाची छापील प्रत सोबत ठेवा.