साधं सनरूफ की पॅनोरमिक? नागपुरात गाडी वापरणाऱ्यांसाठी समोरासमोर तुलना

एकाच गाडीचे दोन व्हेरियंट, एकात साधं सनरूफ, वरच्यात पॅनोरमिक, म्हणजे छताचा बराचसा भाग व्यापणारं काचेचं सनरूफ, आणि कोटेशनचा कागद हातात. सध्या नागपुरात गाडी घेणाऱ्या निम्म्या घरांत हीच चर्चा चालू असते. शोरूममध्ये सांगतात ते एवढंच, की काच मोठी म्हणजे आकाश जास्त. माझ्या मते काचेचा आकार बघून निर्णय घेऊच नये. उघडलेली काच जाते कुठे, वरून पडलेलं पाणी जातं कुठे आणि काचेखाली ऊन कशाने अडतं, ते बघावं. या बाबतीत दोन्ही प्रकार खूप वेगळे आहेत, आणि आपल्याकडचा उन्हाळा नि पावसाळा तो फरक दोन वर्षांत उघडा पाडतो.

काच सरकते कशी

हलवणारी यंत्रणा दोन्हींत जवळपास सारखीच. छताच्या आत बारा व्होल्टची एक छोटी मोटर असते. तिच्या दातेरी चाकाला दोन बाजूंनी दोन पोलादी केबल लागलेल्या असतात. या केबलवर स्प्रिंगसारखे फेरे गुंडाळलेले असतात आणि ते चाकाच्या दात्यांत बसतात, म्हणून ती नुसती ओढत नाही, ढकलतेही. चाक फिरलं की एक केबल इकडे, दुसरी तिकडे सरकते, आणि त्या अशा वळवून नेलेल्या असतात की डाव्या आणि उजव्या रुळावरचे सरकते बूट अगदी बरोबरीने चालतात. एक बाजू जरा मागे पडली की काच तिरकी होऊन अडकते. कटकट आवाज करत अर्ध्यावर थांबलेल्या सनरूफमध्ये बहुतेक वेळा हेच झालेलं असतं: एका रुळात धूळ बसून ग्रीस घट्ट झालेलं, किंवा प्लास्टिकचा बूट तुटलेला.

खरा फरक बुटावरच्या खाचेत आहे. काचेच्या खालच्या पट्टीला एक पिन असते, ती वाकड्या खाचेतून चालते, आणि काच आधी वर उचलायची की खाली दाबायची हे त्या खाचेचा आकार ठरवतो.

साध्या सनरूफमध्ये उघडायचं बटण दाबलं की आधी काचेची मागची कड खाली बसते. मग अख्खी काच मागे सरकून छताचा पत्रा आणि आतलं कापडी अस्तर यांच्या मधल्या पोकळीत शिरते. बाहेरून काही दिसत नाही, काच वाऱ्यात उभी राहत नाही. पण ती पोकळी तुमच्या डोक्यावरच्या जागेतून काढलेली असते. त्यामुळे उंच माणसाने टेस्ट ड्राइव्हला ड्रायव्हरची सीट पूर्ण वर करून बसून बघावं. शिवाय मागे जेवढी जागा तेवढीच काच सरकणार, म्हणून उघडणारं भोक लहानच राहतं.

पॅनोरमिकमध्ये बहुतेक गाड्यांत दोन काचा असतात. मागची चिकटवलेली, न हलणारी. पुढची आधी मागच्या कडेने वर उचलली जाते आणि मग बाहेरच्या बाहेर मागच्या काचेवरून सरकते. आत पोकळी लागत नाही, म्हणून भोक मोठं मिळतं. त्याची किंमत अशी, की काच जड, रूळ लांब, उचलणारे हात जास्त, आणि उघडी असताना सगळा भार त्या हातांवर. काही छोट्या गाड्यांतली एकेरी काचसुद्धा अशीच बाहेरून सरकते, तेव्हा शोरूममध्ये एकदा उघडून बाहेर उभं राहून बघा.

पाणी

रबराचं सील पाणी अडवतं, हा सगळ्यात मोठा गैरसमज. सील बरंचसं पाणी थोपवतं, पण सगळं थोपवणं हे त्याचं कामच नाही. सरकणाऱ्या काचेभोवती थोडं पाणी आत उतरणार हे धरूनच छप्पर बनवलेलं असतं. काचेच्या खाली चारी बाजूंनी पन्हाळ असते, तिच्या कोपऱ्यांना बारीक रबरी नळ्या. पुढच्या दोन नळ्या समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबांतून उतरून दाराच्या बिजागरीपाशी किंवा मडगार्डच्या आत सुटतात, मागच्या दोन मागच्या खांबांतून चाकाच्या बाजूला किंवा बंपरमागे. या नळ्या मोकळ्या असतील तर जुलैतली झडही बिनधास्त सोसते.

आता आपल्या रस्त्यांवरची झाडं आठवा. सिव्हिल लाइन्स, धरमपेठ, रामदासपेठ, सगळीकडे सावली म्हणजे कडुनिंब आणि गुलमोहर. मार्चमध्ये कडुनिंबाची पानगळ, मग त्याचा बारीक मोहोर, मे महिन्यात गुलमोहराच्या पाकळ्या, आणि त्या सगळ्यावर उन्हाळ्याची धूळ. पहिल्या पावसात याचा चिखल होतो आणि नळीच्या तोंडाशी जाऊन बसतो.

आमच्या गल्लीतल्या एका काकांच्या गाडीत आत कुबट वास येऊ लागला. पायाखालची मॅट उचलली तर खालचा फोम पिळला तर पाणी निघेल इतका भिजलेला. सर्व्हिस सेंटरने सील बदलायचं एस्टिमेट दिलं. काका ते न करता ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे गेले. त्याने सनरूफ उघडलं, डाव्या कोपऱ्यात बोट घातलं आणि कडुनिंबाच्या पानांच्या काड्या नि माती मिळून झालेला एक काळा गोळा बाहेर काढला. "सीलले काही नाही झालं काका, नळी बुजली आहे." पन्हाळीत पाणी ओतल्याबरोबर ते पुढच्या चाकामागून धारेने खाली आलं.

पाण्याच्या बाबतीत दोन्हींत फरक काय? साध्या सनरूफची पन्हाळ लहान, चारही कोपरे हाताला येतात, साफ करणं सोपं. पॅनोरमिकची चौकट मोठी, रूळ लांब, कचरा साठायला जागा जास्त, आणि मागच्या नळ्यांची तोंडं बहुधा न हलणाऱ्या काचेखाली लपलेली. तिथे नळी बुजली किंवा जोडातून निसटली, तर आतलं अस्तर उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. त्या कामाची मजुरीच मोठी असते. उघड्यावर, झाडाखाली गाडी लावणाऱ्याने एवढ्या एका मुद्द्यावर साधं सनरूफ घ्यावं, असं मला ठामपणे वाटतं.

निगा मात्र दोन्हींना लागते. मे अखेरीस, पाऊस यायच्या आधी, काच उघडून ओल्या फडक्याने पन्हाळ पुसा, प्रत्येक कोपऱ्यात हळूहळू अर्धा ग्लास पाणी ओता आणि ते खाली कुठे पडतं ते बघा. सगळीकडून सारख्या वेगाने यायला हवं. अडलं तर गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी हलक्या हाताने आत सारा. वॉशिंग सेंटरवाल्याला हवेचा मोठा प्रेशर मारू देऊ नका, त्याने नळी आतल्या जोडातून निघते आणि मग पाणी थेट अस्तरात. रबराला सिलिकॉनचं ग्रीस लावा. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लावलं की या जातीचं रबर फुगतं.

ऊन

नागपूर साधारण २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे ऐन नवतप्यात, भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि शून्य सावलीचा दिवस असतो. अशा वेळी बाजूच्या काचांवर ऊन जवळपास पडतच नाही, सगळं छतावर. याच शहरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. डोक्यावरच्या सूर्याखाली एका चौरस मीटरवर साधारण एक किलोवॅट ऊर्जा पडते, आणि मोठ्या पॅनोरमिकच्या दोन्ही काचा मिळून तेवढं क्षेत्रफळ सहज भरतं. साध्या सनरूफची काच त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास.

काच गडद असते, त्यामुळे यातलं सगळं आत येत नाही. पण गडद काच ऊन शोषते, स्वतः तापते आणि ती उष्णता खाली सोडत राहते. एसी चालू असताना डोक्याची टाळू तापते ती यामुळे. पत्र्याचं छतही तापतंच, पण त्याच्या आणि तुमच्या मध्ये अस्तराचा जाड थर असतो. काचेखाली काय असतं, हाच प्रश्न आहे.

साध्या सनरूफखाली बहुतेक गाड्यांत कडक पाटी असते, छताच्याच अस्तराचं कापड लावलेली, हाताने सरकवायची. ती ओढली की ऊन बंद. पॅनोरमिकमध्ये एवढी मोठी कडक पाटी ठेवायला जागाच नसते, म्हणून गुंडाळी होणारा कापडी पडदा देतात. हे कापड गाडीगणिक बदलतं. काहींत जाड, पूर्ण अपारदर्शक, काहींत इतकं विरळ की बंद पडद्यातून ढग दिसतात. ब्रोशरमध्ये याचा उल्लेख नसतो. उन्हात उभी असलेली टेस्ट ड्राइव्हची गाडी दुपारी दोनला मागा, पडदा बंद करा, मागच्या सीटवर बसून तळहात पडद्याच्या वीतभर खाली धरा. दोन मिनिटांत कळेल. घरात आजी-आजोबा किंवा तान्हं बाळ मागे बसणार असेल, तर ही तपासणी केल्याशिवाय बुकिंग करू नका.

काचेची जातही विचारा, कोपऱ्यावर छापलेली असते. टफन्ड काच फुटली तर तिचे बारीक दाणे होतात आणि ते वरून अंगावर पडतात. लॅमिनेटेडमध्ये दोन थरांच्या मध्ये प्लास्टिकची पातळ फिल्म असते, फुटली तरी जागेवर धरून ठेवते, आणि चांगल्या प्रतीची असेल तर उष्णताही जास्त अडवते. विदर्भात मार्च-एप्रिलमध्ये गारपीट नवी नाही. मोठी काच घ्यायचीच तर लॅमिनेटेड असलेल्या गाडीला माझं झुकतं माप राहील.

सनरूफ उन्हाळ्यात अगदीच निरुपयोगी आहे असंही नाही. उन्हात उभी गाडी सुरू करताना काच मागून थोडी उचलली की वर साठलेली गरम हवा निघून जाते आणि एसी लवकर पकडतो. हे काम छोटी काचही तितकंच करते. आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी रामटेकला किंवा पेंचच्या बाजूला जाताना उघड्या छताचा आनंद मोठा आहे.

वेग, आवाज, मोटर

समृद्धीवर कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाला काच बंदच ठेवा. खरा त्रास त्याच्या बराच आधी, मध्यम वेगात होतो: कानात धप्-धप् दाब जाणवतो. उघड्या भोकावरून जाणारा वारा आतल्या हवेला हेलकावे देतो, त्याचा तो आवाज. पुढच्या कडेला आपोआप उभी राहणारी जाळी किंवा पट्टी तो मोडण्यासाठीच असते. भोक मोठं तितका हा त्रास जास्त, म्हणून पॅनोरमिकमध्ये तो लवकर येतो. मागच्या दाराची काच दोन बोटं खाली केली की थांबतो.

बंद काचेतून शिट्टीसारखा आवाज येत असेल तर पत्रा आणि काच यांच्या जोडावरून नख फिरवा. पुढची कड पत्र्याबरोबर किंवा केसभर खाली, मागची बरोबर किंवा केसभर वर असायला हवी. उलट असेल तर वारा कडेवर आपटतो. हे बसवून मिळतं, नवीन सील लागत नाही.

मोटर आपले फेरे मोजून काच कुठे आहे हे लक्षात ठेवते. आपल्या उन्हात बॅटऱ्या लवकर जातात, आणि काही गाड्यांत बॅटरी बदलली की ही मोजणी पुसली जाते. मग एका दाबात बंद होणं थांबतं आणि लोक मोटर गेली म्हणून घाबरतात. मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे बटण दाबून धरून काच एकदा पूर्ण फिरवली की ठीक होतं. बोट अडकल्यावर काच मागे फिरण्याची सोयही याच मोजणीवर चालते. युरोपीय नियमानुसार ४ ते २०० मिलिमीटरच्या फटीत १०० न्यूटनहून जास्त जोर लागायच्या आत काच उलटी फिरली पाहिजे. १०० न्यूटन म्हणजे साधारण दहा किलोचं वजन. लहान मुलाच्या मानेवर तेवढंही नको, म्हणून मुलांना सनरूफमधून उभं करू नका, गाडी थांबलेली असली तरीही.

बाहेरून बसवून घेणं

नाही. पत्रा कापताना छताला आडवा आधार देणारी पट्टी जाते, नळ्यांना खांबांतून नीट वाट मिळत नाही, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. विम्याच्या वेळीही वाद उभा राहतो.

मग घ्यायचं कुठलं

गाडी उघड्यावर किंवा झाडाखाली राहणार, दुपारची ये-जा जास्त, सात-आठ वर्षं ठेवायची, तर आत सरकणारं, कडक पाटीचं साधं सनरूफ. बेसमेंटमध्ये पक्कं पार्किंग आहे, फिरणं मुख्यतः पावसाळ्यात-हिवाळ्यात आणि मागे बसणाऱ्यांना उजेड आवडतो, तर पॅनोरमिक जरूर घ्या, फक्त लॅमिनेटेड काच आणि जाड पडदा या दोन अटींवर. वॉरंटीत सनरूफची यंत्रणा किती वर्षं येते ते लेखी घ्या, कारण अनेकदा रूळ, मोटर आणि चौकट सुट्या न देता अख्खा संचच बदलतात.

दोघांपैकी एकही न घेता सनरूफ नसलेला व्हेरियंट घेण्यातही काही कमीपणा नाही. तिथे सहा एअरबॅग आणि मागचे एसी व्हेंट मिळत असतील तर नागपूरच्या मे महिन्यात त्यांचा उपयोग रोजचा आहे. आणि जुनी पॅनोरमिक गाडी बघत असाल, तर ती ऑगस्टमध्ये बघा: पुढच्या मॅटखाली हात घाला, खांबांजवळच्या अस्तरावर पिवळट डाग शोधा, काच तीनदा पूर्ण उघडून बंद करा, आणि दोन्ही बाजू सारख्या चालतात का ते मागच्या सीटवरून वर बघत तपासा.