बाळाच्या डोळ्यातला डाग ‘उतरवणारे’ थेंब

माझी मुलगी जन्मली तेव्हा तिच्या उजव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर पाटीच्या रंगाचा, करडा-निळसर डाग होता आणि त्याच बाजूच्या पापणीवर व कपाळावर फिकट निळी छटा होती. प्रसूतिगृहातील बालरोगतज्ज्ञांनी ‘नेत्रतज्ज्ञांना दाखवून घ्या’ असे कागदावर लिहून दिले होते. परंतु सव्वा महिना होईपर्यंत बाळाला घराबाहेर काढायचे नाही, या सासूबाईंच्या आग्रहापुढे मी गप्प बसले आणि तेवढ्या अवधीत नणंदेच्या ओळखीतले, डोळ्यांवर ‘खात्रीचा इलाज’ करणारे एक गृहस्थ स्वतःच घरी आले.

त्यांनी टॉर्च मारून पाहिले आणि हा कर्करोगाचा आरंभ असून तीन महिन्यांत तो मेंदूपर्यंत जाईल, असे सांगितले. ओली बाळंतीण हे ऐकल्यावर पुढचे काही विचारत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक असावे. उपाय म्हणजे निळ्या झाकणाची, लेबल खरवडून काढलेली बाटली. दिवसातून चार वेळा एकेक थेंब, आठवड्याला एक बाटली, बाटलीचे ४,८०० रुपये, तेही रोख आणि पावतीशिवाय. अशा पाच बाटल्या आम्ही घेतल्या.

दर रविवारी ते आपल्याच मोबाइलवर डोळ्याचा फोटो काढीत आणि आधीच्या फोटोशेजारी ठेवून डाग उतरत असल्याचे दाखवीत. तो खरोखरच फिकट दिसे. पाचव्या रविवारी मी ते फोटो मागून घेतले आणि रात्री पाहताना लक्षात आले की तीन फोटोंत मुलीच्या अंगात तेच हळदी रंगाचे झबले आहे आणि डागाबरोबर झबलेही फिकट होत गेले आहे. शेवटच्या फोटोत तर ते जवळजवळ पांढरेच होते.

दुसऱ्याच दिवशी आम्ही शहरातील नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टरबाईंनी मुलीला दुपट्यात घट्ट गुंडाळायला लावले, बधिर करणारा थेंब टाकला आणि कापसाच्या काडीने डोळ्यावरचा पातळ पडदा हलकेच सरकवला. पडदा सरकला, डाग जागच्या जागी राहिला. रंग खालच्या पांढऱ्या कवचात होता, तेव्हा थेंबांनी तो धुऊन निघणे शक्यच नव्हते. जपानी त्वचारोगतज्ज्ञ ओटा यांच्या नावाने ओळखली जाणारी, त्यांनी १९३९ साली वर्णिलेली ही जन्मखूण आशियाई लोकांत, त्यातही मुलींत, अधिक आढळते. गर्भात रंगपेशी आपल्या ठिकाणाकडे जात असताना काही पेशी वाटेतच खोल थरांत अडकतात, अशी तिची उपपत्ती सांगितली जाते.

त्या गृहस्थांच्या थापेत थोडे तथ्य होते, म्हणूनच ती आम्हाला पचली. अशा डोळ्यात आत मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, होण्याची शक्यता काहीशी अधिक असते. गोऱ्या लोकांच्या अभ्यासात ती आयुष्यभरात सुमारे ४०० जणांत एकाला इतकी आढळली, आशियाई लोकांत याहूनही कमी मानली जाते. त्यासाठी करायचे ते इतकेच की वर्षातून एकदा बाहुली मोठी करून आतला पडदा तपासायचा आणि डोळ्याचा दाब मोजायचा, कारण याच रंगपेशी डोळ्यातील पाणी झिरपण्याच्या वाटेवर असल्या तर काचबिंदू होऊ शकतो. डॉक्टरबाईंनी आणखी एक बजावले: फोटोत बाहुली पांढरी चमकली तर उद्यावर टाकायचे नाही, कारण तान्ह्या मुलांच्या डोळ्याचा खरा कर्करोग, रेटिनोब्लास्टोमा, बहुधा तसा दिसतो.

मुलीच्या उजव्या डोळ्याचा दाब त्या दिवशी २६, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त भरला. बाटलीत स्टेरॉइड असावे, अशी डॉक्टरबाईंना शंका आली. स्टेरॉइडने लाली जाऊन डोळा स्वच्छ दिसतो आणि दाब मात्र चढतो. जिला काचबिंदूची भीती आधीपासूनच होती, तिच्याच डोळ्यात मी पाच आठवडे स्वतःच्या हाताने ते थेंब घातले होते. थेंब बंद केल्यावर महिन्याभरात दाब १५ वर आला.

त्या गृहस्थांच्या पत्रकावर नावापुढे चार अक्षरे होती, वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक कुठेच नव्हता. पैसे परत मिळालेले नाहीत. उरलेली बाटली आणि पत्रक जोडून आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे. कुणाकडे अशी लेबल नसलेली, निळ्या झाकणाची बाटली असेल, तर ती फेकू नये, तशीच घेऊन नेत्रतज्ज्ञांकडे जावे आणि आधी बाळाच्या डोळ्याचा दाब मोजून घ्यावा.