सफारीत पान फुटतंय? क्रोमचा मोबाईल मोड, फायरफॉक्स, प्लेराईट, खरा फोन की क्लाउड

क्रोममध्ये पान झकास दिसतं आणि आयफोनवर उघडलं की खालचं बटण गायब. हे ज्याच्या नशिबी आलंय आणि आता नक्की कशात तपासायचं ते ठरवायचंय, त्याच्यासाठी लिहितोय. फुकट की पैशाचं हा प्रश्न नंतरचा, आधी बग कुठल्या जातीचा आहे ते बघा.

क्रोमच्या डेव्हटूल्समधला (ब्राउझरमधली पान तपासायची साधनं) मोबाईल मोड हाताशी असतो, ब्रेकपॉइंट, म्हणजे कुठल्या रुंदीला मांडणी बदलते ते, बघायला मस्तच आहे, पण त्यात आयफोन निवडला म्हणून आतलं इंजिन बदलत नाही हो, स्क्रीनचा आकार, पिक्सेल रेशो, युझर एजंट (ब्राउझर साइटला सांगतो ती स्वतःची ओळख), टच एवढंच बदलतं, पान काढणारं इंजिन ब्लिंकच राहतं. एज (२०२० पासून), ब्रेव्ह, ऑपेरा पण ब्लिंकवरच, त्यामुळे "चार ब्राउझरमध्ये टेस्ट केलं" म्हणजे एकाच माणसाला चारदा मत विचारल्यासारखं.

म्हणून दुसरं इंजिन हवं, आणि तिथे माझं मत सरळ फायरफॉक्सला. सफारीचा बग असला तरी आधी इथेच बघा, कारण बऱ्याचदा बग ब्राउझरचा नसतोच, आपल्याच सीएसएसचा (पानाची मांडणी ठरवणारा कोड) असतो. पान आडवं सरकतंय आणि कोणामुळे ते कळत नाहीये, तर इन्स्पेक्टरमध्ये स्क्रोल होणाऱ्या एलिमेंटपुढे "स्क्रोल" असा बॅज येतो, त्यावर क्लिक केलं की आतलं जे बाहेर सांडतंय त्याच्यापुढे "ओव्हरफ्लो" दिसतं. नेहमीचा गुन्हेगार म्हणजे फ्लेक्समधला (डबे ओळीत मांडायची सीएसएसची पद्धत) एखादा डबा ज्यात लांबलचक लिंक किंवा टेबल आहे, त्याला मिन-विड्थ शून्य दिली की गप बसतो. जी प्रॉपर्टी लिहूनही लागू होत नाहीये ती फायरफॉक्स फिकी करून दाखवतो आणि का ते पण सांगतो. (मॅकवर ठीक आणि विंडोजवर आडवा स्क्रोलबार? मग १००व्हीडब्ल्यू (खिडकीची पूर्ण रुंदी) शोधा, विंडोजचा स्क्रोलबार जागा खातो आणि ती त्यात वजा होत नाही. १०० टक्के लिहा, सुटलं.)

मॅक नसेल तर वेबकिटसाठी, म्हणजे सफारीच्या इंजिनासाठी, प्लेराईट, ब्राउझर आपोआप चालवून तपासणारं साधन. विंडोज, लिनक्स दोन्हीवर चालतं, स्क्रीनशॉट आपोआप काढता येतात, ग्रिड-फ्लेक्सचे फरक पकडतं. फॉन्ट मात्र खऱ्या सफारीसारखे दिसतीलच असं नाही. आणि विंडोजसाठी जुना सफारी शोधत बसू नका, तो २०१२ मध्येच ५.१.७ वर थांबलाय.

पण ते गायब बटण यातल्या कशातच सापडणार नाही, त्याला खरा फोनच लागतो. आयफोनच्या सफारीत १००व्हीएच (खिडकीची पूर्ण उंची) मोजताना ॲड्रेस बार आक्रसलेला आहे असं धरतात, पान उघडताना तो पूर्ण असतो, मग तेवढा खालचा भाग झाकला जातो. उपाय म्हणजे १००व्हीएच तसंच ठेवून त्याच्या खालच्या ओळीत १००एसव्हीएच (ॲड्रेस बार पूर्ण असताना उरणारी उंची) लिहा, सफारी १५.४ पासून (२०२२) ते कळतं, जुने ब्राउझर ती ओळ सोडून देतात. इनपुटवर टॅप केलं की पान झूम होतं ते पण इथेच दिसेल, फॉन्ट १६ पिक्सेलच्या खाली असला की होतं. अडचण एकच, आयफोनचं पान वेब इन्स्पेक्टरमध्ये उघडायला मॅक लागतो, अँड्रॉइडला यूएसबी केबल पुरते.

क्लाउडवर भाड्याने मिळणारे फोन थोडे संथ वाटतात, रोजच्या कामाला मी घेणार नाही. जुन्या व्हर्जनसाठी मात्र त्यांना तोड नाही. फ्लेक्समधला गॅप (डब्यांमधली मोकळी जागा) सफारीत १४.१ ला (२०२१) आला, त्याआधीच्या सफारीत सगळं एकमेकांना चिकटतं, आणि ॲट-सपोर्ट्सने (ब्राउझरला एखादी प्रॉपर्टी कळते का ते विचारणारा सीएसएसचा नियम) विचारलं तर ग्रिडचा गॅप आधीपासून असल्यामुळे तो सफारी खुशाल "हो" म्हणतो. तुमच्या ॲनालिटिक्समध्ये एवढे जुने आयफोन दिसत असतील तरच पैसे घाला आणि गॅपच्या जागी मार्जिन वापरा, नसतील तर सोडून द्या.