पोर्शे ९४४ टर्बो, नॉर्डश्लाइफेवर आठ महिने: लॅगचं सोडा, पंप बघा

मार्चमध्ये नॉर्डश्लाइफे, म्हणजे जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंगचा जुना लांब ट्रॅक, उघडला तेव्हापासून ऑक्टोबरपर्यंत साठ-सत्तर लॅप झाले. शेवटच्या फेरीनंतर पार्किंगमध्ये गाडी पुन्हा सुरू केली आणि मागून निळा धूर आला. इतका, की शेजारच्या गाडीतल्याने काच वर घेतली. टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या गॅसवर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, गेला होता. कशाने गेला ते कळल्यावर दोन रात्री झोप लागली नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गाडी १९८६ ची, २२० पीएसवाली (पीएस म्हणजे अश्वशक्ती), एबीएस नसलेली. बाकी आकडे सगळ्यांना पाठ आहेत.

पहिले तीन महिने मी फक्त लॅगवर, म्हणजे पाय दिल्यापासून टर्बोचा जोर येईपर्यंतच्या उशिरावर, चिडलेला होतो. या इंजिनात एक्झॉस्ट एका बाजूला आणि टर्बो दुसऱ्या बाजूला. गॅस खालून पाइपने पलीकडे जातो आणि मग टर्बाइन फिरवतो. त्यात कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते) फक्त ८:१, त्यामुळे ३००० आरपीएमच्या खाली गाडीत जीवच नसतो. नॉर्डश्लाइफेवर हे सगळ्यात जास्त बोचतं ते बेर्गवेर्क या वळणाला. उजवं, अवघड वळण, आणि ते संपलं की केसेलशेनचा लांबच लांब चढ. वळणातून निघताना जो वेग हातात असेल तोच चढभर पुरवायचा. मी गाडी सरळ होईपर्यंत थांबायचो, मग पाय द्यायचो, आणि बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, येईपर्यंत एखादी साधी हॅचबॅक डावीकडून निघून गेलेली असायची. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, ही गाडी घेऊ नका.

जूनच्या आसपास मत बदललं. दोष गाडीत कमी आणि माझ्या पायात जास्त होता. वळणाच्या मध्यावरच, गाडी अजून वळत असताना, अ‍ॅक्सिलरेटर हलकासा दाबून धरायचा. जोर मिळावा म्हणून नाही, टर्बाइन फिरत राहावं म्हणून. शिवाय मला वाटायचं त्यापेक्षा एक गिअर खाली. मग बूस्ट बरोबर बाहेर पडताना हजर होतो आणि चढावर गाडी जी ओढते, त्याला तोड नाही.

हे धाडस करता येतं ते इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे असल्यामुळे. वजन पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं, म्हणून मागची बाजू सुटली तरी आधी सांगून सुटते. त्या काळातली ९११ टर्बो आठवा: इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे, वळणात घाबरून पाय उचलला की शेपूट फिरलंच. ९४४ मध्ये पाय उचलला तर नाक जरा आत येतं, बस. ओल्या रस्त्यावर मात्र मस्ती नको. आयफेलमध्ये, म्हणजे ट्रॅक आहे त्या डोंगराळ भागात, एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस हे नेहमीचंच, आणि ओल्या ब्र्युन्शेनच्या वळणांना बूस्ट अर्धा सेकंद उशिरा आला तर तो नेमका नको तिथे येतो. माझी एकदा गाडी पूर्ण आडवी झाली. पावसात मी आता एक गिअर वर ठेवतो.

कारुसेल या गोल वळणाबद्दल एवढंच, की काँक्रीटच्या त्या उताराच्या कडेत गाडी दाबून धरली जाते, स्टिअरिंग हाताला झिणझिण्या आणतं आणि तेवढ्या वेळात बूस्ट आपोआप तयार होतो. ब्रेक उत्तम आहेत. फ्लुइड ताजं ठेवा.

आता पंप.

या गाडीत टर्बोला पाण्याचं कूलिंग आहे आणि त्यासाठी एक छोटा इलेक्ट्रिक पंप. इंजिन बंद केलं की मुख्य वॉटर पंप थांबतो, ऑइल पंपही थांबतो, पण टर्बाइनचं घर तापून लाल व्हायच्या बेतात असतं. ती उष्णता शाफ्टच्या बेअरिंगकडे सरकते आणि तिथलं ऑइल जळून त्याचा कोळसा होतो. एका लाखाहून जास्त आरपीएमने फिरणाऱ्या शाफ्टला असा कोळसा म्हणजे मरणच. ते टाळायला हा पंप इंजिन बंद झाल्यावरही साधारण अर्धा मिनिट पाणी फिरवत राहतो.

माझ्या गाडीत तो आठ महिने फिरलाच नाही. गाडी घेतल्या घेतल्या मी टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप बदलून घेतला होता, कारण बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. ते काम करताना गॅरेजवाल्यांनी या पंपाचा कनेक्टर काढला आणि परत लावलाच नाही. मला तो सापडला तेव्हा टाय मारून बाजूला बांधलेला होता, आत पिनांवर काळी तेलकट धूळ. मी फोटो दाखवला, तर उत्तर काय? ‘जुन्या टर्बो गाड्या धूर करतातच.’ बरीच वादावादी झाल्यावर मजुरी माफ केली. टर्बोचा खर्च माझाच.

मी ऑइल ठरलेल्या अंतराच्या निम्म्यावर बदलतो. ब्रेक पॅड स्वतः बसवतो. एक पैसा वाया जाऊ नये म्हणून टायर मापून वापरतो. आणि हातभर वायरच्या एका टोकामुळे एवढं मोठं बिल. हा राग लवकर जाणारा नाही.

थोडी चूक माझीही. लॅपच्या शेवटी येणाऱ्या ड्योटिंगर ह्योहेच्या सरळ पट्ट्यावर मी बाहेर पडायच्या फाट्यापर्यंत पाय दाबून ठेवायचो आणि पार्किंगमध्ये लगेच किल्ली फिरवायचो. आता फुक्सर्योरेच्या उतारापासून कितीही चांगला लॅप चालला असला, तरी त्या पट्ट्यावर पाचव्या गिअरमध्ये सावकाश येतो. टर्बोला बूस्ट नाही, इंजिनला वारा भरपूर.

नवा टर्बो बसवून झालेत चार लॅप. बूस्ट पूर्वीपेक्षा जरा लवकर येतोय, म्हणजे जुन्याचं बेअरिंग बरेच दिवस जड झालं असणार आणि लॅगबद्दलची माझी निम्मी तक्रार त्याचीच असणार. पुढच्या मार्चमध्ये बेर्गवेर्कला पुन्हा तपासेन.

अशी गाडी बघायला जाणार असाल तर ती चांगली तापवायला सांगा, बंद करा, बॉनेट उघडा आणि कान द्या. बारीक घूं असा आवाज यायला हवा, फ्रिजसारखा. आला नाही तर आधी कनेक्टर शोधा, किमतीचं नंतर बोला.