वीरगळ वाचायला आरटीआय: सॉफ्टवेअर फुकट, मेहनत सगळी फोटो काढताना

पुणे जिल्ह्यात लोणी भापकरसारख्या गावांत देवळाभोवती वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळा, ओळीनं उभे दिसतात. ठळक कोरीवकाम कुणालाही दिसतं. अडतं ते झिजलेल्या काळ्या पाषाणावरच्या पुसट लेखाशी, कारण भर उन्हातल्या फोटोत तिथे अक्षरच उठत नाही. इथे आरटीआय कामाला येतं. माहिती अधिकार नव्हे, रिफ्लेक्टन्स ट्रान्स्फॉर्मेशन इमेजिंग: कॅमेरा न हलवता वेगवेगळ्या दिशांनी प्रकाश टाकून फोटो काढायचे आणि ते जोडून पडद्यावर हवा तसा प्रकाश फिरवून दगड पाहायचा. त्यासाठीची रुळलेली जोडी म्हणजे फोटो जोडणारं आरटीआयबिल्डर आणि निकाल दाखवणारं आरटीआयव्ह्यूअर. कल्चरल हेरिटेज इमेजिंग ही संस्था दोन्ही विनामूल्य देते. तंत्राचं मूळ एचपी लॅब्जमध्ये, २००१ सालचं. ब्रिटनमध्ये जुन्या चर्चमधल्या झिजलेल्या थडग्यांच्या शिळाही याच पद्धतीनं वाचतात.

कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का ठेवायचा आणि सुटा फ्लॅश दगडाभोवती फिरवत फोटो काढायचे: १२ दिशा, प्रत्येक दिशेला ४ उंच्या, म्हणजे ४८. प्रकाशाचा कोन दगडाच्या पृष्ठभागापासून १५ ते ६५ अंशांत ठेवावा. फ्लॅशचं अंतर चित्रित भागाच्या कर्णाच्या दुप्पट ते चौपट असावं, आणि ते प्रत्येक वेळी तेवढंच राहावं म्हणून दोरीनं मोजावं. क्लिक करण्याआधी दोरी चौकटीबाहेर जायला हवी. फोकस आणि एक्स्पोजर दोन्ही मॅन्युअल. चौकटीत दोन चकचकीत काळे गोळे ठेवावेत. त्यांच्यावरच्या चमकेवरून सॉफ्टवेअर प्रकाशाची दिशा काढतं. गोळा फोटोत किमान २५० पिक्सेल रुंद हवा. ६,००० पिक्सेलच्या बाजूवर एक मीटर दगड बसवला, तर ५२.५ मिमीचा स्नूकरचा काळा चेंडू सुमारे ३१५ पिक्सेल भरतो. तरी आख्खा वीरगळ एकदम घेऊ नये. एकेक पट्टी घेतली की फ्लॅशचं अंतर आवाक्यात राहतं आणि बारकावाही जास्त मिळतो.

काम बिघडतं ते बहुधा इथेच. ट्रायपॉड केसभर सरकला की अख्खा संच धूसर. दिवसाउजेडी काम केलं तर ऊन प्रत्येक फोटोत मिसळतं आणि उठाव सपाट दिसतो. म्हणून सूर्यास्तानंतरची वेळ धरावी. अर्धा पुरलेल्या दगडाला खालून प्रकाश देता येत नाही, त्यामुळे तळाच्या पट्टीचा निकाल जपून वाचावा. पाताळेश्वरसारख्या केंद्र संरक्षित स्मारकात ट्रायपॉडची परवानगी आधीच काढून ठेवावी.

बिल्डरचे हट्टही आहेत. फोटो ‘जेपेग-एक्स्पोर्ट्स’ नावाच्याच फोल्डरमध्ये लागतात (नाव रोमन अक्षरांत) आणि नावांत मोकळी जागा चालत नाही. फोटो जोडायच्या गणिती पद्धती दोन, पीटीएम आणि एचएसएच. पीटीएम हवं असेल तर एचपीचा फिटर हा प्रोग्रॅम वेगळा उतरवावा लागतो. एचएसएच बिल्डरच्या आतच आहे, तेच निवडावं.

खरी किंमत कळते ती व्ह्यूअरमध्ये. ‘स्पेक्युलर एन्हान्समेंट’ लावून रंग शून्यावर आणला की डाग, तेलाचा काळपटपणा, चुन्याचे ओघळ मागे पडतात आणि छिन्नीची रेघ वर येते. मात्र शेंदराचा जाड थर असेल तर दिसतो तो शेंदराचा पृष्ठभाग. खालचं अक्षर कुठलंच सॉफ्टवेअर दाखवणार नाही. तरीही शेंदूर खरवडायला कुणी हात लावू नये.

दगडावर ओला कागद दाबून घेतलेल्या ठशापेक्षा याची बाजू भक्कम आहे: पापुद्रे सुटलेल्या दगडाला स्पर्शच होत नाही. पण यातून मापं मिळत नाहीत. चौकटीत मोजपट्टी ठेवा, कोरीवकामाची खोली हवी असेल तर फोटोग्रामेट्री (अनेक कोनांतल्या फोटोंवरून त्रिमितीय मोजणी) वेगळी करा.

बिल्डर आता जुनं झालं आहे. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनी त्याऐवजी इटलीच्या सीएनआर या राष्ट्रीय संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेचं मुक्तस्रोत ‘रीलाइट’ घ्यावं. फोटो काढायची रीत तीच.