बडोद्याच्या हवेत क्रेप: दिवाळी ते गणपती वापरल्यानंतरचा अनुभव

मॉस क्रेपचे (म्हणजे पॉलिस्टर क्रेपचे) कुर्ते, रेयॉन क्रेपचा घेरदार ड्रेस आणि क्रेप सिल्कची साडी, तिन्हींचा हा अनुभव. बडोद्याची कोरडी थंडी, मे महिन्याचं ऊन आणि पावसाळ्याचा दमटपणा, सगळं त्यात आलं. निकाल आधीच सांगते: रोजच्या ऑफिसला मॉस क्रेप, उन्हाळ्यात रेयॉन, आणि क्रेप सिल्क फक्त लग्नकार्याला. नाव तिन्हींचं क्रेपच असलं तरी धुण्याचे नियम वेगळे आहेत, आणि बहुतेक कपडे बिघडतात ते इथेच.

मंगळबाजारात ठाण उलगडताना ‘प्युअर क्रेप छे’ असं ऐकायला मिळतं. त्यावरून धागा कसला ते काही कळत नाही. सुरत जवळ असल्यामुळे इथे पॉलिस्टर क्रेपच जास्त दिसतं. अमेरिकन क्रेप म्हणून मिळणारं पातळ कापडही तेच. खात्री करायची तर कापलेल्या कडेचे चार धागे काढून, चिमट्यात धरून, सिंकवर जाळून बघा. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा काळा कडक मणी होतो (वितळलेला थेंब बोटाला चिकटतो, म्हणून चिमटा). रेयॉन कागदासारखं जळतं, राख मऊ राखाडी. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते.

क्रेपच्या बारीक चुण्या येतात त्या धाग्याच्या जबरदस्त पिळामुळे. रेशमी क्रेपच्या धाग्याला मीटरमागे दोन-तीन हजार पीळ असतात, आणि बहुतेक वेळा उजवा पीळ, डावा पीळ असे धागे आलटून पालटून विणतात. विणलेलं कापड ओलं झालं की पीळ सुटायला बघतो, धागा आखडतो आणि चुण्या उठतात. पॉलिस्टरमध्ये हा आकार कारखान्यातच उष्णतेने पक्का केलेला असतो, त्यामुळे ते घरी पाण्यात आटत नाही. रेशीम आणि रेयॉन मात्र पुन्हा भिजलं की पुन्हा आखडतं. म्हणून क्रेप सिल्क ड्रायक्लीनलाच द्यावी. परत आली की प्लास्टिकची पिशवी लगेच काढून साडी दिवसभर वाऱ्यावर ठेवावी, वास जातो.

मॉस क्रेपचं धुणं सोपं आहे. अर्धी बादली साधं पाणी, एक छोटा चमचा लिक्विड डिटर्जंट, कुर्ता उलटा करून दहा मिनिटं. वडी घासू नये. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा पांढरा थर कापडावर बसतो आणि गडद रंग मळकट दिसायला लागतात. आरओचं वाया जाणारं पाणी कपड्यांना वापरायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. त्यात क्षार नळापेक्षा जास्त असतात, क्रेपला ते नकोच.

मॉस क्रेपची खरी तक्रार वासाची. पॉलिस्टर पाणी धरत नाही, पण घामातला तेलकट अंश घट्ट धरतं. गरब्याहून आल्यावर घागरा-चोळी तशीच खुर्चीवर टाकली आणि सकाळी धुतली, तर वास पूर्ण जात नाही. त्याच रात्री साध्या पाण्यातून काढावी. वास मुरलाच असेल तर चार-पाच लिटर पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा, मग नेहमीसारखं धुवा. कंडिशनर घालू नका, त्याचा थर वास आणखी धरून ठेवतो. घामेजल्या बगलेवर इस्त्री तर अजिबात नको.

रेयॉन क्रेप अंगावर सर्वांत छान. मे महिन्यात दुपारी दांडियाबाजारातून चालत जायचं असेल तर दुसरं काही घालावंसं वाटत नाही. पण ओलं झालं की त्याची ताकद जवळपास निम्मी होते. पिळलं की शिवणीजवळ धागे सरकतात, कधी फाटतंही. बादलीतून उचलताना दोन्ही हातांनी खालून आधार द्यायचा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सावलीत आडवं वाळवायचं. ओलं हँगरला टांगलं तर पाण्याच्या वजनाने लांबी वाढते, घेर एकीकडे लोंबतो. पहिल्या धुण्याआधी आतल्या शिवणीवर ओला पांढरा रुमाल घासून बघावा, गडद रेयॉनचा रंग जातो.

शिवून घेताना शिंप्याला तीन गोष्टी सांगाव्यात. मशीनला नवी, ११ नंबरची सुई. बोथट सुईने कापडात आडवी रेघ ओढली जाते. शिवणीत निदान २ सेंटीमीटर माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड, कारण पाठीत आणि मुंढ्यात घट्ट बसवलेलं क्रेप शिवणीवर विरळ होतं. आणि तिरप्या कापाचा घेर रात्रभर टांगून मगच खालची पट्टी दुमडायची. रेयॉनचं कापड कापायच्या आधी धुवून घ्यावं. सुती अस्तरही आधी भिजवून वाळवायचं, याकडे शिंपी हमखास दुर्लक्ष करतात. पॉलिस्टरचा कुर्ता आटत नाही, आतलं अस्तर आटतं, आणि पहिल्याच धुण्यानंतर खालची कड गोळा होते.

इस्त्रीत घाई नको. मॉस क्रेपला एका ठिपक्याची इस्त्री, म्हणजे साधारण ११० अंश, तीही उलट्या बाजूने. ढकलायची नाही, टेकवून उचलायची. जास्त गरम लागली की चुण्या सपाट होतात आणि तिथे चकाकी येते. पॉलिस्टरचा पृष्ठभाग वितळलेला असतो, ती चकाकी परत जात नाही. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे कोळशाची इस्त्री असेल तर बरोबर मलमलचं फडकं द्यावं आणि ते मध्ये घालायला सांगावं. रेशमावर पाण्याचा थेंब पडला तरी डाग उमटतो, तेव्हा वाफेची इस्त्री थेंब गाळते का हे आधी जुन्या फडक्यावर बघा.

डागांत सगळ्यांत चिवट आपली सेव-उसळीची तरी. चोळू नका, टिपून घ्या, वर टाल्कम पावडर टाकून तासभर ठेवा, ती तेल शोषते. झटकून उलट्या बाजूने भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब लावा. हळद साबणाने लालसर होईल. घाबरू नका, खळबळल्यावर पुन्हा पिवळी होते. उरलेला पिवळेपणा मॉस क्रेपवरून उन्हात हळूहळू उतरतो. रेशमावर हे करू नये, डाग दाखवून ड्रायक्लीनरकडे द्यावी.

थंडीत पॉलिस्टर कुर्ता लेगिंग्जला चिकटतो, चटके बसतात. सुती लेगिंग्ज घातल्या की त्रास निम्मा. नाहीतर ओलसर तळवा आतल्या बाजूने फिरवावा. साडीखाली परकर सुतीच, सॅटिनवरून निऱ्या घसरतात. खांद्याच्या पिनेत आधी एक मणी ओवावा, म्हणजे पिनेच्या गुंडाळीत धागे अडकत नाहीत.

बांगडीत किंवा मंगळसूत्राच्या कडीत अडकून धागा बाहेर आला तर कापू नये. बोथट सुईने तो उलट्या बाजूला ओढून घ्यावा आणि आजूबाजूचं कापड तिरपं, हलक्या हाताने ताणावं. बराचसा धागा आपल्या जागी परत जातो. मॉस क्रेपवर नंतर खूण शोधावी लागते, क्रेप सिल्कवर मात्र ती थोडी दिसतेच.